शीत, भात आणि डाव

‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण विद्यापीठांत संख्याशास्त्राचे विभाग उघडण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी स्वयंपाकघरात रूढ आहे आणि सामाजिक संशोधनातील नमुना निवडीचे जवळजवळ सगळे तत्त्वज्ञान तिच्यात सामावलेले आहे. ‘जवळजवळ’ म्हणण्याचे कारण एवढेच की, शीत काढण्यापूर्वी भातात डाव घालून तो तळापासून वरखाली करावा लागतो, ही गोष्ट म्हण रचणाऱ्या गृहिणीला इतकी उघड वाटली की तिने ती म्हणीत घातलीच नाही, आणि पुढे आलेल्या विद्वानांना म्हण तेवढी पाठ असल्यामुळे ते शीत घेऊन मोकळे झाले. पातेल्यात तळचा भात करपलेला, मधला गिच्च आणि वरचा कच्चा असू शकतो. ज्याने फक्त वरचे शीत चाचपले त्याचा निष्कर्ष त्या शिताविषयी अचूक आणि भाताविषयी निराधार असतो. सामाजिक पाहण्यांतील गाजलेल्या फजित्या बहुतांशी अशा वरवरच्या शितांच्या फजित्या आहेत, आणि त्यांतील सर्वांत मोठ्या फजितीत शितांची संख्याही सर्वांत मोठी होती.

या शास्त्राची परिभाषा थोडक्यात अशी. ज्यांच्याविषयी काही जाणून घ्यायचे आहे त्या सर्वांच्या समूहाला ‘समष्टी’ म्हणतात, मग ती महाराष्ट्रातील सर्व मतदारांची असो किंवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील पाण्याविषयी तक्रार असलेल्या सभासदांची असो. या दुसऱ्या उदाहरणात समष्टी आणि संस्था एकच असते. समष्टीतून प्रत्यक्ष तपासणीसाठी निवडलेल्या थोड्या घटकांना ‘नमुना’ म्हणतात, आणि ज्या यादीतून ही निवड होते तिला ‘नमुना चौकट’ म्हणतात. मतदार यादी ही अशी एक चौकट आहे. तिच्यात काही कैलासवासी मंडळी मुक्कामाला असतात आणि नुकतीच अठरा वर्षांची झालेली काही मुले बाहेर ताटकळत असतात, यावरून चौकट आणि समष्टी यांतील अंतर ध्यानात यावे. बोलीभाषेत मात्र ‘नमुना’ हा शब्द जगावेगळ्या माणसासाठी राखून ठेवलेला आहे. संशोधकाला नमुना सगळ्यांसारखा हवा असतो, तर ‘काय नमुना आहे’ असे उद्गारणाऱ्याच्या मते नमुना कोणासारखाच नसतो. घरोघर प्रश्नावली घेऊन हिंडलेला कोणताही प्रगणक हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असल्याची ग्वाही देईल.

सगळ्यांनाच का विचारू नये, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तरही पातेल्यातच आहे: सगळा भात खाऊन पाहिला तर परीक्षा बिनचूक होते, पण पंगत उपाशी उठते. जनगणना ही असा सगळा भात मोजण्याची क्रिया आहे. भारतात ती १८८१पासून दर दहा वर्षांनी होत आली, २०११ मध्ये सुमारे १२१ कोटी माणसे मोजली गेली आणि २०२१ची जनगणना ठरल्या वर्षी होऊ शकली नाही, यावरून सर्वांना विचारणे हा केवढा खटाटोप आहे हे दिसते. तरीही थोड्यांना विचारून सर्वांविषयी बोलण्याची कल्पना विद्वानांच्या गळी सहजासहजी उतरली नाही. नॉर्वेच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख आन्डर्स किएर यांनी १८९५ मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या अधिवेशनात ही ‘प्रातिनिधिक पद्धती’ मांडली, तेव्हा तिला कडवा विरोध झाला. जिथे मोजता येते तिथे अदमास कशाला, असा आक्षेपकांचा सूर होता. ज्यांनी आयुष्यात कधी भात शिजवला नव्हता अशा पुरुषांच्या सभेत हा आक्षेप निघणे स्वाभाविकच होते.

सामान्य माणूस मात्र असा आक्षेप घेत नाही, कारण तो दिवसभर नमुनेच घेत असतो. मंडईत द्राक्षांच्या ढिगातून एक मणी तोंडात टाकणारे गिऱ्हाईक, आंब्याच्या पेटीतील वरचा थर पाहून सौदा ठरवणारा चाकरमानी आणि कांदेपोह्यांच्या एका बशीवरून पुढच्या चाळीस वर्षांच्या स्वयंपाकाचा अंदाज बांधणारी वरपक्षाची मंडळी, हे सगळे नमुना पाहणीच करत असतात. फरक इतकाच की, पहिल्या उदाहरणात मणी गिऱ्हाइकाने निवडलेला असतो, दुसऱ्यात थर विक्रेत्याने रचलेला असतो आणि तिसऱ्यात पोहे बहुधा मुलीच्या मावशीने केलेले असतात. निवड कोणाच्या हाती होती, हा कोणत्याही नमुन्याविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न आहे, आणि व्यवहारात तो नेमका पोहे संपल्यावर सुचतो.

जो हाताशी लागेल त्याला विचारणे, याला शास्त्रात ‘सोयीस्कर नमुना’ असे प्रांजळ नाव आहे. विमानतळावरून शहरात येईपर्यंत टॅक्सीचालकाशी बोलून देशाचा कल ओळखणारे पत्रकार ही पद्धत वापरतात, आणि प्राध्यापक तर ती पगारी वेळेत वापरतात. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइने आणि आरा नोरेन्झायान या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, मानवी मनाविषयीचे ढीगभर निष्कर्ष प्रामुख्याने पाश्चात्त्य, शिकलेल्या, औद्योगिक, श्रीमंत आणि लोकशाही देशांतील लोकांवरून, त्यांतही बव्हंशी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरून काढलेले आहेत, आणि जगाच्या तुलनेत हेच लोक अनेक बाबतींत अपवादात्मक आहेत. म्हणजे ‘मानवजात’ या भारदस्त शब्दाचा अर्थ बराच काळ ‘दुसऱ्या तासाला हजर असलेली मुले’ असा होता. याच कुळातील दुसरी पद्धत ‘हिमगोल नमुना’ ही होय. तिच्यात एका उत्तरदात्याकडून दुसऱ्याचा आणि दुसऱ्याकडून तिसऱ्याचा पत्ता घेत संशोधक पुढे जातो, आणि ज्यांची यादीच उपलब्ध नसते अशा लोकांपर्यंत पोहोचण्यासाठी ती उपयोगी पडते. महाराष्ट्रात बर्फ पडत नसल्याने उपमा परकी वाटते, पण कृती घरचीच आहे: लग्नाची स्थळे पिढ्यान्‌पिढ्या याच पद्धतीने शोधली गेली, आणि म्हणूनच ती फिरून फिरून त्याच दहा-वीस आडनावांत सापडत राहिली.

संख्येच्या भरवशावर झालेली सर्वांत मोठी फजिती १९३६ची आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ हे अमेरिकेतील मातब्बर साप्ताहिक १९१६पासूनच्या प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीचा विजेता आधीच बरोबर सांगत आले होते आणि त्यामुळे त्याचा शब्द हा जवळपास निकालच मानला जाई. १९३६ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट आणि आल्फ्रेड लँडन यांच्या लढतीत त्याने सुमारे १ कोटी लोकांना टपालाने मतपत्रिका पाठवल्या, त्यांपैकी सुमारे २४ लाख परत आल्या, आणि त्यांची मोजदाद करून लँडन ५७ टक्के मतांनी जिंकणार असे जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना सुमारे ६१ टक्के मते पडली आणि लँडन यांच्या वाट्याला मेन व व्हरमाँट ही दोनच राज्ये आली. नावे घेतली होती ती मुख्यतः दूरध्वनी सूची आणि मोटारींच्या नोंदणी याद्या यांमधून, आणि महामंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी दूरध्वनी आणि दारात मोटार असे त्याला रूझवेल्ट यांच्या गरीबधार्जिण्या धोरणाचा राग येण्याइतकी ऐपत असे. हा चौकटीचा दोष झाला. त्यावर दुसरा दोष असा चढला की चारांपैकी तिघांनी उत्तरच पाठवले नाही, आणि जे चिडलेले असतात ते टपालखर्च सोसूनही उत्तर पाठवतात, हे कोणत्याही वृत्तपत्राच्या वाचकांच्या पत्रव्यवहारावरून कळण्यासारखे होते.

त्याच वेळी पाहणीकार जॉर्ज गॅलप यांनी सुमारे ५० हजार लोकांच्या पाहणीवरून रूझवेल्ट यांचा विजय वर्तवला होता. इतकेच नव्हे, तर डायजेस्टच्या याद्यांसारख्याच याद्यांतून सुमारे ३ हजार नावे घेऊन त्यांनी डायजेस्टचे भाकीत कोणत्या आकड्यावर जाऊन चुकणार हेही आधीच सांगून टाकले, आणि ते सुमारे एका टक्क्याच्या फरकाने खरे ठरले. दुसऱ्याचा भात कसा बिघडणार हे त्याच्या पातेल्यातील मूठभर शितांवरून सांगणे, हा नमुना शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत उद्धट आणि सर्वांत बोधप्रद प्रयोग असावा. ते साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडले, आणि पाठ्यपुस्तकांतील एका धड्यापुरते अमर झाले.

नियतीने गॅलप यांचाही हिशोब बारा वर्षांनी चुकता केला. त्यांची पद्धत ‘कोटा नमुना’ ही होती. तिच्यात समष्टीत स्त्रिया किती, पुरुष किती, तरुण किती, गरीब किती हे पाहून मुलाखतकाराला त्या प्रमाणात संख्या नेमून दिली जाते आणि त्या संख्येच्या आत कोणाला गाठायचे हे त्याच्यावर सोपवले जाते. इथेच मनुष्यस्वभाव आडवा येतो, कारण ‘दोन मध्यमवयीन पुरुष’ असा कोटा हाती असलेला माणूस भुंकणारा कुत्रा असलेल्या घरासमोरून निमूटपणे पुढे जातो, चौथ्या मजल्याऐवजी तळमजला पसंत करतो आणि ज्याचे कपडे नीटनेटके व चेहरा हसरा आहे त्यालाच थांबवतो. असे नीटनेटके, हसरे लोक त्या काळी किंचित अधिक प्रमाणात रिपब्लिकन पक्षाचे निघत. १९४८च्या अध्यक्षीय निवडणुकीत गॅलप यांच्यासह प्रमुख पाहणीकारांनी रिपब्लिकन उमेदवार टॉमस ड्यूई जिंकणार असे सांगितले. त्यांपैकी एल्मो रोपर यांनी तर निकाल इतका निश्चित मानला की सप्टेंबरातच विचारपूस थांबवली. निवडून आले हॅरी ट्रुमन, आणि ‘ड्यूईकडून ट्रुमन पराभूत’ अशा मथळ्याचा ‘शिकागो ट्रिब्यून’चा अंक हातात उंच धरून हसणाऱ्या विजयी ट्रुमन यांचे छायाचित्र तेव्हापासून प्रत्येक नमुना शास्त्रज्ञाच्या मनात देवघरातल्या तसबिरीसारखे टांगलेले आहे.

या फजित्यांतून निघालेला उपाय म्हणजे निवडीतून माणसाची मर्जीच काढून टाकणे, आणि त्यालाच ‘यादृच्छिक नमुना’ म्हणतात. समष्टीतील प्रत्येक घटकाची निवड होण्याची शक्यता शून्याहून अधिक आणि आधीच ठाऊक असलेली असावी, एवढीच त्याची अट आहे. म्हणजे ‘यादृच्छिक’चा अर्थ ‘मनाला येईल तसे’ असा अजिबात नसून ‘कोणाच्याही मनाला येणार नाही तसे’ असा आहे. माणसाला हे स्वभावतः जमत नाही. एक ते दहा यांतील कोणताही आकडा बोला म्हटले की लोक एक आणि दहा टाळतात, आणि पाच फारच मधला म्हणून सातावर येऊन बसतात. म्हणून एल. एच. सी. टिपेट यांनी १९२७ मध्ये ४१,६०० यादृच्छिक अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले, आणि १९५५ मध्ये अमेरिकेच्या रँड संस्थेने असे १० लाख अंक ग्रंथरूपाने छापले. पुढे काय होणार याचा अंदाज वाचकाला एकाही पानावर येत नाही, हे त्या ग्रंथाचे अन्य कोणत्याही रहस्यकथेला न साधलेले यश आहे.

चिठ्ठ्या टाकल्या म्हणजे यदृच्छा साधलीच, असेही नाही. व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या सैन्यभरतीचा क्रम ठरवण्याकरिता अमेरिकेत १ डिसेंबर १९६९ रोजी वर्षातील ३६६ जन्मतारखांची सोडत काढण्यात आली. तारखा लहान कुप्यांत भरून महिन्यामागून महिना अशा एका पेटीत टाकल्या होत्या आणि त्या पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. परिणामी वर्षअखेरीच्या महिन्यांतील तारखा प्रमाणाबाहेर लवकर निघाल्या, आणि डिसेंबरात जन्मलेल्या तरुणांना रणांगणाचे आमंत्रण जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा अगत्याने मिळाले. सगळी सोडत देशासमोर दूरचित्रवाणीवर पार पडली, सर्व औपचारिकता पाळल्या गेल्या, राहून गेला तो फक्त डाव.

यादृच्छिक निवडीचे प्रकार अनेक असले तरी मराठी खाद्यसंस्कृतीत त्यांची उदाहरणे तयार आहेत. नीट ढवळलेल्या भातातून कोणतेही शीत घेणे हा ‘साधा यादृच्छिक नमुना’ होय. मिसळ मात्र ढवळून चालत नाही, निदान कोल्हापुरात तरी चालत नाही. वर तर्री, खाली फरसाण आणि तळाशी उसळ असे तिचे थर वेगळे असल्यामुळे प्रत्येक थरातून स्वतंत्रपणे चमचा घ्यावा लागतो, आणि समाजाचे शहरी-ग्रामीण, गरीब-श्रीमंत असे थर पाडून प्रत्येकातून यादृच्छिक निवड करण्याला याच कारणाने ‘स्तरित नमुना’ म्हणतात. फक्त तर्री चाखणाऱ्याचे मिसळीविषयीचे मत ठाम असते, पण ते बराच वेळ उच्चारता येत नाही. यादीतील दर दहावे घर घेणे हा ‘पद्धतशीर नमुना’. तो सोपा आहे, परंतु दर मजल्यावर पाच सदनिका असलेल्या इमारतीत प्रत्येक दहावी सदनिका कोपऱ्यावरचीच निघते, आणि मग शहरातील सर्वच लोक दोन बाजूंनी वारा येणाऱ्या घरांत राहतात असा शोध लागतो. चौथा प्रकार ‘समूह नमुना’ हा खर्च वाचवण्यासाठी काढलेला असून त्यात विखुरलेल्या घरांऐवजी काही गावे किंवा वस्त्याच निवडून तिथल्या घरांना विचारले जाते. त्याची मर्यादा नाशिकच्या द्राक्षाच्या घडाइतकी स्पष्ट आहे: एका घडातील पन्नास मणी खाल्ले तरी माहिती एकाच घडाची मिळते, आणि एका आळीतील पन्नास माणसांना विचारले तरी बहुधा एकच मत पन्नास आवाजांत ऐकू येते.

आता ‘नमुना त्रुटी’. निवड निर्दोष असली तरी एका वेळी काढलेली शिते आणि दुसऱ्या वेळी काढलेली शिते हुबेहूब सारखी नसणार. केवळ सगळ्यांऐवजी थोडे तपासल्यामुळे नमुन्यातील आकडा आणि समष्टीतील खरा आकडा यांत जो फरक पडतो, त्याला नमुना त्रुटी म्हणतात. तिचा मोठेपणा असा की ती किती असू शकेल हे आधीच सांगता येते. साध्या यादृच्छिक पद्धतीने १०० लोक निवडले आणि निम्म्यांनी ‘हो’ म्हटले, तर ती त्रुटी दोन्ही बाजूंना सुमारे १० टक्क्यांच्या आत राहते, १,००० लोकांत सुमारे ३ टक्क्यांच्या आत आणि ४,००० लोकांत सुमारे दीड टक्क्याच्या आत. त्रुटी नमुन्याच्या आकाराच्या नव्हे, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणून ती निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. चौपट खर्चात दुप्पट काम हे गणित संशोधनास निधी देणाऱ्यांना धक्कादायक वाटले, तरी सार्वजनिक बांधकामाच्या परंपरेत ते काटकसरीचेच मानले जाईल.

याहून चमत्कारिक वाटणारी गोष्ट अशी की, समष्टी केवढी आहे याने या त्रुटीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. १,००० लोकांचा यादृच्छिक नमुना सांगली शहराविषयी जितका विश्वासार्ह आहे तितकाच तो १४० कोटींच्या देशाविषयी आहे, हे ऐकून श्रोते वक्त्याकडे संशयाने पाहतात. पण हजार पानांच्या पंगतीचा आचारी घरच्या पातेल्यापेक्षा शंभरपट मोठ्या कढईतून शंभरपट शिते चाचपून पाहत नाही, तो फक्त डाव मोठा घेतो. ढवळण्याचे श्रम कढईबरोबर वाढतात, शितांची संख्या वाढत नाही. डायजेस्टने नेमके उलटे केले होते: २४ लाख शिते वेचली आणि डाव खुंटीलाच टांगून ठेवला.

वर सांगितलेल्या मर्यादा १०० टक्के खात्रीच्या नसून ९५ टक्के ‘विश्वास पातळी’च्या आहेत, अर्थात अशा वीस पाहण्या केल्या तर साधारण एखादी मर्यादेबाहेर जाणार, आणि ती कोणती हे त्या पाहणीच्या कपाळावर लिहिलेले नसते. आपल्या भाकितासोबत त्याच्या चुकीची रुंदी आणि ते फसण्याची शक्यता सांगणारा संख्याशास्त्रज्ञ हा भविष्य सांगणाऱ्यांच्या जमातीतील एकमेव प्रामाणिक सभासद असावा, आणि बहुधा म्हणूनच त्याच्या दाराशी पत्रिका घेऊन कोणी रांग लावत नाही. याच सूत्राने ‘चार लोक काय म्हणतील’ या महाराष्ट्रातील सर्वाधिक प्रभावी लोकमत चाचणीचा हिशोब केला, तर नमुन्याचा आकार चार असल्याने त्रुटी दोन्ही बाजूंना सुमारे ४९ टक्के येते. खरे म्हणजे इतक्या लहान नमुन्याला हे सूत्र नीट लागूही पडत नाही. शिवाय ते चारही जण एकाच आळीतले, एकाच वयाचे आणि दुपारी मोकळे असलेले असतात, आणि त्यांना प्रत्यक्षात कोणी कधी विचारलेलेही नसते. एवढ्या पुराव्यावर मुलींची शिक्षणे थांबली आणि लग्ने ठरली, हे लक्षात घेता नमुना त्रुटी हा विषय शाळेतच शिकवायला हवा होता.

नमुना त्रुटीला सूत्र आहे, बाकीच्या चुकांना नाही, आणि त्या सगळ्या दाराशी उभ्या असतात. निवडलेल्या घराला कुलूप असणे, आतून ‘काही घ्यायचे नाही’ असा आवाज येणे किंवा दार उघडून लगेच मिटणे, याला ‘अप्रतिसाद’ म्हणतात; शेजारच्या उघड्या घरात जाऊन काम भागवण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो, परंतु जे घरी सापडतात आणि जे सापडत नाहीत त्यांची आयुष्ये वेगळी असतात, आणि म्हणून चांगल्या पाहणीत प्रगणकाला त्याच दाराशी पुन्हा जावे लागते. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुण्यात अनोळखी घरांची कडी वाजवून उत्पन्न विचारणे हे ज्या मुलाखतकारांनी करून दाखवले, त्यांच्या कामगिरीचे मोल केवळ विद्वत्तेच्या मापाने होणार नाही. दार उघडले तरी ते उघडणारी व्यक्तीच उत्तरे देण्यास योग्य असते असे नाही, म्हणून लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये घरातील प्रौढांची यादी करून त्यांतील एकाची निवड ठरावीक तक्त्यावरून करण्याची रीत सांगितली. मराठी घरात ती वापरली असता तक्ता धाकट्या सुनेकडे बोट दाखवतो, सासरे उत्तर देतात, सासूबाई ते दुरुस्त करतात, आणि उत्पन्नाच्या रकान्यात ‘भागते’ असा शब्द येतो, ज्याची सरासरी काढण्याची पद्धत अद्याप विकसित झालेली नाही.

भारताने या विषयात जगाला पुष्कळ दिले आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, बंगालमधील तागाच्या लागवडीच्या मोठ्या नमुना पाहण्या केल्या, आणि १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागेही तेच होते. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र उपनमुने काढून ते दोन वेगळ्या तुकड्यांकडून तपासून घ्यायचे आणि उत्तरे ताडून पाहायची, ही त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. सासू आणि सून यांनी एकमेकींना न सांगता आमटी चाखावी आणि मग मिठाविषयीची मते पडताळून पाहावीत, तसाच हा प्रकार असून मतभेद निघाला तर दोष आमटीचा की जिभेचा हे त्यातून उमगते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे आणि महालनोबीस यांचे मात्र पीककापणीवरून वाजले. पिकाचे उत्पन्न ठरवण्यासाठी शेतातील यादृच्छिक जागी लहानसा तुकडा आखून तेवढेच पीक कापून तोलतात. तुकडा केवढा असावा, हा वादाचा विषय होता. सुखात्मे यांनी दाखवले की तुकडा फार लहान असेल तर उत्पन्न फुगून येते, कारण आखलेल्या रेषेवरची ताटे आत धरायची की बाहेर, हा प्रश्न पडताच कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो, आणि लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडच जास्त असते. महाराष्ट्रातील शेतीची बहुतेक भांडणे बांधावरून होतात हे सर्वश्रुत आहे. देशातील शेतीविषयक सर्वांत विद्वान भांडणही एका प्रकारे बांधावरूनच व्हावे, यात मोठेच औचित्य आहे.

या परंपरेच्या देशात ‘नमुना पाहणी’ म्हटले की लोकांना आठवतात त्या मतदानोत्तर चाचण्या, हा दैवदुर्विलास होय. २००४ मध्ये त्यांनी राष्ट्रीय लोकशाही आघाडीला सत्तेवर ठेवले होते आणि मतदारांनी ठेवले नाही. २०२४ मध्ये बहुतेक चाचण्यांनी त्याच आघाडीला ३५०हून अधिक आणि काहींनी ४०० जागा दिल्या, तर ४ जूनच्या निकालात २९३ मिळाल्या. केंद्राबाहेर गाठलेला मतदार मनातले सांगतोच असे नाही, आणि मतांच्या टक्केवारीचे जागांत रूपांतर करताना अर्ध्या टक्क्याने डझनावारी जागा इकडच्या तिकडे होतात. तरीही पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात ‘त्रुटी अधिक-उणे ३ टक्के’ अशी बारीक पट्टी निश्चिंतपणे झळकत असते, जणू भात करपला तरी मिठाचे प्रमाण बरोबर होते.

त्या मानाने खऱ्या पाहणीचे काम निमूटपणे चालते. २०२२-२३च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत देशभरातील २,६१,७४६ कुटुंबांना विचारले गेले. कोट्यवधी कुटुंबे काय खातात, कशावर खर्च करतात आणि गरिबी किती उरली, याविषयीचे पुढचे बरेच बोलणे एवढ्या शितांवरून होते. निवड झालेले प्रत्येक घर अशा रीतीने हजारभर घरांच्या वतीने बोलत असते, आणि त्याने दार न उघडल्यास ती हजार घरेही गप्प होतात. म्हणून वाचकांना दोनच विनंत्या करणे योग्य ठरेल. कोणी ‘लोकांचे मत’ म्हणून आकडा सांगितला, तर किती जणांना विचारले यापेक्षा कोणाला विचारायचे राहून गेले, हे आधी विचारावे. आणि ओळखपत्र गळ्यात अडकवलेला सरकारी प्रगणक दाराशी आला, तर तो दुपारी एक ते चार या वेळेत आला असला तरी कडी काढावी, त्याला पाणी द्यावे, आणि उत्पन्न विचारले असता ‘भागते’ असे न म्हणता आकडा सांगावा.